अप्पांचे दोन जास्तीचे फोटो

मला पक्ष्यांचं वेड कधीच नव्हतं. आजही नाही. कावळा, चिमणी, कबूतर, पोपट एवढे मला ओळखता येतात. पाचवा दाखवलात तर मी नुसती मान डोलावते. तरीही ऐंशीच्या दशकातल्या एका जानेवारीत, रविवारी सकाळी, शहाणी माणसं पांघरुणात असताना, मी गळ्यात कॅमेरा अडकवून बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या फाटकाशी उभी होते. ती पक्षी बघायला नव्हे. मला रोल संपवायचा होता.

ज्यांनी रोलचे कॅमेरे हाताळले नाहीत त्यांना ही भानगड सांगायला हवी. एका रोलवर छत्तीस फोटो निघायचे. ते सगळे काढून झाले की रोल स्टुडिओत द्यायचा, तो धुऊन यायचा, आणि तेव्हा कुठे कळायचं कोणाचे डोळे मिटलेत नि कोणाचं डोकं उडालंय. अर्धा रोल काढून धुवायला देता यायचा, नाही असं नाही. पण उरलेली फिल्म वाया जायची, आणि आमच्या घरात वाया जाणं म्हणजे अप्पांच्या जिवाला घोर.

अप्पा म्हणजे माझे वडील. आधी गिरणीत, आणि संपानंतर गिरणी काही पुन्हा धड उभी राहिली नाही म्हणून मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायला. कॅमेरा मस्कतहून आलेल्या एका नातेवाइकाने वापरून सोडलेला. पण अप्पांनी तो असा जपला की आम्हा बहिणींना कधी इतकं जपलं नसेल. त्यांचे नियम दोन. कारणाशिवाय बटण दाबायचं नाही, आणि रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही.

रोल भरण्याची त्यांची एक खास तऱ्हा होती. बाकीचे लोक उजेडात मागचं झाकण उघडतात, फिल्मचं टोक बाहेर ओढतात, पलीकडच्या रिळाच्या खाचेत अडकवतात आणि झाकण लावून दोनदा रिकामी लिव्हर ओढतात. म्हणजे उजेड लागलेला तेवढा तुकडा पुढे सरकतो. अप्पांना तो तुकडा बघवायचा नाही. ते भर दुपारी खिडक्या लावून दोन गोधड्या डोक्यावर घ्यायचे आणि आत अंधारात बोटांनी चाचपडत रोल भरायचे. टोक अगदी नखाएवढंच खाचेत घालायचं, की झाकण बंद. मग घामाघूम होऊन बाहेर यायचे आणि म्हणायचे, "लोकांचे छत्तीस, आपले अडतीस." आई म्हणायची, एक दिवस गोधडीतच गुदमरून जातील, पण दोन फोटो सोडणार नाहीत.

तसे ते गेले नाहीत. हार्ट अटॅकने गेले, दुपारी, वर्कशॉपमध्ये, हातात चहाचा ग्लास असताना.

आणि तेव्हा लक्षात आलं की घरात त्यांचा फोटो नाही. आल्बमवर आल्बम भरलेले, सगळ्यांचे फोटो, शेजाऱ्यांच्या मांजराचासुद्धा, पण अप्पांचा एक नाही. असणार कसा? कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. एक होता तो वर्कशॉपच्या पासावरचा, कपाळावरून गालापर्यंत जांभळा शिक्का बसलेला.

म्हणजे, आणखी एक होता. अजून धुतला नव्हता इतकंच. ते जायच्या थोडं आधी मुलुंडला ताईच्या बाळाचं बारसं झालं होतं. त्या दिवशी त्यांनी नवा रोल भरला होता, गोधडीखाली, नेहमीसारखा. पाळण्याचे, ताईचे, बायकांचे फोटो काढत घरभर फिरत होते. मी त्यांच्या हातातून कॅमेरा जवळजवळ हिसकावूनच घेतला. "अप्पा, एकदा तरी गप्प बसा खुर्चीत," म्हटलं. बसले, पण जीव कॅमेऱ्यात. "ते काचेतलं गोल जुळव आधी, चेहरा स्पष्ट दिसेपर्यंत. घाई करू नको. पट्टा मनगटात घाल." मी बटण दाबलं तेव्हा ते माझ्याकडे बघतच नव्हते, कॅमेऱ्याकडे बघत होते, आणि उजवा हात परत मागायला अर्धा पुढे आलेला. मला तो फोटो न बघताही पाठ होता.

तोच फोटो आईला हवा होता. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला. तिने फ्रेम आधीच करून आणली होती, काचेसकट, आणि ती रिकामी फ्रेम कपाटाच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. खिळा ठोकून झाला होता. मी कितीदा म्हटलं, "आई, देऊन टाकते ना रोल. अर्धा तर अर्धा." तर म्हणे, "तेंनी कधी अर्धो रोल दिल्यानी धुवूक?" माणूस गेला तरी नियम खुंटीवर टांगून गेला होता. त्यात गेल्याचं वर्ष. घरात सण नाही, समारंभ नाही, गोडधोड नाही, मग फोटो काढायला कारण कुठून आणणार? मी एकदा चिडून गॅलरीतल्या तुळशीवर कॅमेरा धरला, तर आई मागून म्हणाली, "फुकट कित्या घालवतंस?" तिचा आवाज असा होता की मी कॅमेरा खाली ठेवला.

असं करता करता वर्ष सरत आलं. पुढच्या आठवड्यात श्राद्ध आणि रोल अजून अर्धा. ऑफिसात मी टायपिस्ट होते. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हे पक्ष्यांचं खूळ होतं. ती म्हणाली, "रविवारी आमच्याबरोबर चल ना यार. पक्षी म्हणजे कारणच कारण. दुपारपर्यंत तुझा रोल खलास." आईला विचारलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, पक्षी चालतील. का चालतील ते मी विचारलं नाही. म्हटलं, चालतायत ना, बास.

तर अशी मी फाटकाशी. आमचे म्होरके होते मुलुंडचे एक निवृत्त मास्तर. सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांच्या कॅमेऱ्याला दुधाच्या किटलीएवढी लेन्स आणि खाली तिकाटणं. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स साधी, बारशाला पुरेल एवढी. त्यांनी ती पाहिली आणि आपलं तिकाटणं खांद्यावर टाकलं.

आत शिरल्यावर थोडा वेळ बरं वाटलं. कान्हेरीकडे जाणारा रस्ता, दव पडलेलं, थंडी अशी की शाल आणली असती तर बरं झालं असतं. मग सरांनी सगळ्यांना एका ओढ्याकाठी उभं केलं आणि म्हणाले, आता हलायचं नाही, बोलायचं नाही, पक्षी आपणहून येतील. झालं. इथेच माझी वाट लागली. मला एक जागी उभं राहणं जमत नाही. बसस्टॉपवरसुद्धा मी येरझाऱ्या घालते. त्यात डोक्यात एकच घोकणं, रोल, रोल, रोल. पाय खाजायला लागला. मग पदर अडकला. मग बांगड्या वाजल्या. सर मान न वळवता म्हणाले, "बाई, जरा शांत उभ्या राहाल का? तुमच्यामुळे सगळे उडतायत." मैत्रीण तोंडावर रुमाल धरून हसत होती.

शेवटी एक आला. नाचण, मैत्रिणीने कानात सांगितलं. मूठभर पक्षी, शेपटीचा पंखा करायचा नि मिटायचा, या फांदीवरून त्या फांदीवर, एक क्षण स्थिर नाही. मला तो एकदम आवडला. म्हटलं, हा आपल्यातला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्समधून तो तांदळाच्या दाण्याएवढा दिसत होता. गोल जुळवेपर्यंत उडाला. परत जुळवलं, परत उडाला. तिसऱ्यांदा मी दाबलंच. लिव्हर ओढली. कॅमेऱ्यावरचा फोटोंचा आकडा एकाने पुढे सरकला आणि छातीवरचं थोडं ओझं उतरल्यासारखं झालं.

मग मला चटक लागली म्हणा किंवा घाई, दोन्ही एकच. मैत्रीण नाव सांगायची, मी दाबायची. खंड्या दिसला, दाबलं. कोतवाल, दाबलं. तांबट नुसता ठकठक ऐकू येत होता, दिसत नव्हता, त्या झाडाचाच काढला. मैत्रीण म्हणाली, "अगं, पक्षी तरी येऊ दे फोटोत." मी म्हटलं, आवाजाच्या दिशेने काढलाय. पण एकीकडे मनात अप्पा कुरकुरत होते. कारण काय? कारण काय या फोटोचं? आणि मग मी पुढचा जरा सांभाळून काढायची, श्वास धरून, आणि त्या नादात पक्षी जायचा, आणि मी परत चिडायची. अशी माझी सकाळ गेली. धड पक्षी नाही, धड रोल नाही. बाकीचे शांत चेहऱ्याने दुर्बिणी फिरवत होते आणि मी दर फोटोमागे आकडा बघत होते.

उन्हं वर आली तशी सहलीची माणसं यायला लागली, डबे, ट्रान्झिस्टर, क्रिकेटच्या बॅटी. सरांचं तोंड आंबट झालं. ते म्हणाले, अजून एक झाड बघू आणि परतू. त्या झाडावर हळद्या बसला होता. पिवळाधमक, माझ्यासारखीलाही दिसेल असा, आणि चक्क हलत नव्हता. माझा आकडा छत्तीसवर आला होता. तो फोटो मी अगदी मन लावून काढला. गोल जुळवलं, पट्टा मनगटात घातला, घाई केली नाही. दाबलं. म्हटलं, झाला. आईला जाऊन सांगते, संपला.

सवयीने लिव्हर ओढली. ती ओढली गेली.

मला हसूच आलं. हेच ते अप्पांचे जास्तीचे दोन. वर्षापूर्वी गेलेला माणूस मला फोटो देत होता. हळद्या अजून तिथेच होता, त्याचा दुसरा काढला. मग तिसरा. अडतीस झाले असतील, आता अडकणार, म्हणून मी लिव्हरला हात घातला. तरी ओढली गेली. सुरकन, काही अडवल्याशिवाय. आकडा छत्तीसपाशीच बसलेला. मी आणखी एक काढला, कशाचा ते बघितलंही नाही. लिव्हर ओढली गेली.

मी सरांकडे गेले. ते तिकाटणं मिटत होते. म्हटलं, "सर, रोल संपतच नाहीये." त्यांनी कॅमेरा हातात घेतला, लिव्हर ओढली आणि डावीकडच्या वरच्या चकतीकडे बोट दाखवलं. "ही बघा. लिव्हर ओढली की ही फिरायला हवी. आत फिल्म सरकते तशी ही फिरते. तुमची फिरत नाहीये." मी ती चकती आयुष्यात पहिल्यांदा नीट बघत होते. "म्हणजे?" "म्हणजे फिल्म सरकत नाहीये. मधेच कुठे फाटली असेल, नाहीतर पहिल्यापासून अडकलीच नसेल."

"पण आकडा सरकला की."

"आकडा लिव्हरवर चालतो, बाई. फिल्मवर नाही."

ते म्हणाले, "उघडून बघू या का?" त्यांचा अंगठा मागच्या झाकणापाशी होता. मी कॅमेरा असा खेचला की ते दचकले. त्यांना काय माहीत आत कोण बसलंय. मी सांगितलं तेव्हा हात मागे घेऊन ते म्हणाले, "मग इथे नको. फाटली असेल तर आधीचे फोटो रिळावर शाबूत असतील. अंधारात उघडा आणि हाताने चाचपून बघा. रिळावर फिल्म लागली तर नशीब." मग खालच्या आवाजात विचारलं, "रोल भरला कोणी होता?"

मी म्हटलं, "त्यांनीच."

परतीच्या बसमध्ये मी कॅमेरा मांडीवर धरून बसले होते. मैत्रीण काहीतरी बोलत होती, बहुतेक धीराचं. मला काही ऐकू येत नव्हतं. हायवेवर सिग्नल लागला की मला ड्रायव्हरला ओरडावंसं वाटायचं, आणि बस सुटली की वाटायचं थांबावी, मरोळचं आमचं घर येऊच नये. अख्खा रस्ता मी स्वतःची समजूत काढत होते की फाटलीच असणार. मधे फाटली असणार. बारशानंतर. पक्षी गेले तर गेले, खड्ड्यात गेले पक्षी. आणि मधूनच तो खाचेत घातलेला नखाएवढा तुकडा डोळ्यासमोर यायचा नि मला अप्पांचा असा राग यायचा की काय सांगू. दोन फोटो. दोन फोटोंसाठी.

दारातच आई. "इलंस? रोल संपलो?"

मी म्हटलं, "आई, खिडक्या लाव. गोधड्या काढ."

तिने का म्हणून विचारलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात गोधड्या कशाला लागतात ते तिला माहीत होतं. मी जमिनीवर बसले, तिने दोन्ही गोधड्या माझ्यावर टाकल्या आणि कडा चारी बाजूंनी दाबून धरल्या. आत काळोख, गरम, वर्षभर कपाटात पडलेल्या कापडाचा वास. आईचे हात बाहेरून माझ्या खांद्यांवर. मी झाकण उघडलं. डावीकडे डबी होती, भरलेली. तिच्यातून फिल्मचं टोक बाहेर आलेलं, वळलेलं, मोकळं. मी हात उजवीकडे नेला. रिळ चाचपलं. परत चाचपलं. सगळीकडून फिरवून बघितलं. नुसतं गुळगुळीत प्लास्टिक.

मी आत तशीच बसून राहिले. बाहेर यायचं म्हणजे आईला तोंड दाखवायचं. शेवटी तीच म्हणाली, "काय गो?"

मी गोधडीतूनच सांगितलं. फिल्म अडकलीच नव्हती. पहिल्यापासून. बारशाचे नाहीत, अप्पा नाहीत, काहीच नाही. रोल जसा आणला तसा आहे. बोलता बोलता मी रडायला लागले, आणि गोधडीत रडणं म्हणजे श्वास कोंडतो, म्हणून तिनेच ती माझ्यावरून काढली. माझे केस घामाने कपाळाला चिकटले होते. आईने ते मागे केले. बराच वेळ ती माझ्या हातातल्या उघड्या कॅमेऱ्याकडे बघत होती.

"दोन फोटो वाचवूक गेले," ती म्हणाली, "आणि आपणच फोटोबाहेर रवले."

मग ती उठली, कपाटामागून फ्रेम काढली, पदराने काच पुसली. "पासावरचोच मोठो करून घे."

"शिक्क्यासकट?"

"शिक्क्यासकट. काय झाला तेका." ती खिडक्या उघडायला गेली. दुपारचं ऊन गॅलरीतून आत आलं. पाठमोरीच तिने विचारलं, "म्हणजे रोल आता अख्खो कोरो आसा मा?"

मी हो म्हटलं.

"मगे माझो एक काढून ठेव. मागसून तुमची धावपळ नको."

मी तिच्यावर ओरडले. काहीतरीच काय बोलतेस, आज तरी असलं बोलू नकोस. तिने ऐकून घेतलं आणि खुर्ची उचलून गॅलरीच्या दारात ठेवली, उजेडाकडे तोंड करून. पदर सारखा केला, बसली, हात मांडीवर घेतले. तिच्याशी वाद घालून आजवर कोणाला काही मिळालेलं नाही. मी डोळे पुसले आणि रोल भरायला घेतला. उजेडात, जमिनीवर मांडी घालून, टोक चांगलं लांब ओढून, खाचेत घालून, दोन्ही बाजूंचे दात नीट बसलेत ना ते बघून. झाकण लावलं. रिकामं बटण दाबून लिव्हर ओढली. परत दाबलं, परत ओढली.

आई बघत होती. "ता काय?"

"हे दोन वाया जातात, आई."

"जांवदेत," ती म्हणाली.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. ती थेट माझ्याकडे बघत होती, अजिबात न हलता. मला घाई नव्हती. मी गोल जुळवलं आणि बटण दाबलं. मग चकतीवर नजर ठेवून लिव्हर ओढली. चकती फिरली.